स्टिअरिंग डावीकडे गेलं की काय काय बदलतं?

कोकणातल्या आपल्या मोहल्ल्यांमध्ये फिरून बघा. कुणाचे अब्बा जेद्दाहला, कुणाचा मामू कुवेतला, कुणाचा भाऊ दुबईत. रत्नागिरी आणि रायगड जिल्ह्यांत तर आखाताशी नातं नसलेलं घर शोधावं लागेल. या लोकांतले बरेच जण ड्रायव्हर. कुणी कंपनीच्या ट्रेलरवर, कुणी 'सायक खास' म्हणजे घरगुती ड्रायव्हरच्या व्हिसावर, आणि अलीकडची पोरं डिलिव्हरीच्या बाईकवर. माझ्याकडे दहावी झालेली मुलं दोन-तीन वर्षांनी भेटायला येतात, "सर, दुबईला चाललोय, गाडी तर चांगली येते मला," म्हणतात. गाडी येते हे खरं. पण इथली गाडी येणं आणि तिथली गाडी येणं यात फरक आहे, आणि तो फरक समजून न घेता गेलेल्या माणसाला तो फार महाग पडू शकतो.

पहिली गोष्ट सगळ्यांना माहीत असते: आपण डावीकडून चालतो, तिथे उजवीकडून. जगातली सुमारे एक तृतीयांश लोकसंख्या डावीकडून गाडी चालवणाऱ्या देशांत राहते. ब्रिटन, भारत, पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका, मलेशिया, ऑस्ट्रेलिया, केनिया, दक्षिण आफ्रिका, असे बहुतेक इंग्रजांची सत्ता राहिलेले मुलुख. जपान आणि थायलंडवर इंग्रजांचं राज्य कधीच नव्हतं, तरी तेही डावीकडूनच. बाकीचं जग उजवीकडून. आखातात आज सगळीकडे उजवीकडून वाहतूक आहे, पण बहरीनमध्ये १९६७ पर्यंत आपल्यासारखी डावीकडून होती. दक्षिण येमेनने (म्हणजे एडनचा भाग) १९७७ मध्ये बाजू बदलली. शेजारी सगळे एका बाजूने आणि आपण दुसऱ्या बाजूने, हे सीमेवर परवडत नाही, एवढाच त्याचा अर्थ. उलट बदलही झालेला आहे. सामोआ नावाच्या छोट्या बेटदेशाने २००९ मध्ये उजवी सोडून डावी बाजू धरली, कारण ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडहून जुन्या गाड्या स्वस्तात आणता याव्यात. म्हणजे डावं-उजवं यात बरोबर-चूक काही नाही. अडचण आपल्या हातापायांची असते, त्यांना जी सवय लागली ती लागली.

ही सवय नेमकी कुठे दगा देते ते बघू. भर ट्रॅफिकमध्ये नाही. तिथे पुढची गाडी जाते तिच्या मागे आपण जातो, चूक होतच नाही. चूक होते ती रिकाम्या रस्त्यावर. फज्रनंतर पेट्रोल पंपातून बाहेर पडताना, पार्किंगमधून निघताना, वाळवंटातल्या एकेरी रस्त्यावर चहा पिऊन पुन्हा गाडीत बसल्यावर. समोर कुणी नाही, मेंदू अर्धा झोपेत, आणि हात आपोआप डावीकडे वळतात. जुने ड्रायव्हर नव्या मुलाला एक सोपी खूण सांगतात: ड्रायव्हरची सीट नेहमी रस्त्याच्या मधल्या पट्ट्याकडे असली पाहिजे. इथे उजवीकडे बसून उजवा हात दुभाजकाकडे, तिथे डावीकडे बसून डावा हात दुभाजकाकडे. तुम्ही कडेच्या मातीच्या बाजूला बसलेले असाल, तर तुम्ही चुकीच्या बाजूला आहात.

दुसरी खोड लेनमधली. आपल्याला लेनच्या उजव्या भागात बसायची सवय. डाव्या स्टिअरिंगच्या गाडीतही शरीर तीच जागा शोधतं, म्हणून सगळी गाडी उजवीकडे सरकत जाते आणि कडेला उभ्या गाड्यांचे आरसे तुटतात. पहिले काही आठवडे हे होतंच. इंडिकेटर आणि वायपरचं तर विचारूच नका. आपल्याकडच्या मारुतीसारख्या गाड्यांत इंडिकेटरचा दांडा उजव्या हाताला, तिथे डाव्या हाताला. वळायच्या वेळी कडक उन्हात वायपर फिरायला लागला की मागच्या सीटवरची मुलं हसतात.

गोल चौकाचं मात्र नीट समजून घ्यायला हवं. आखातात गोल चौक पुष्कळ आहेत. आपण गोल चौकात घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरतो आणि उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ देतो. निदान नियम तसा आहे. तिथे फिरायचं घड्याळाच्या उलट, आणि पाहायचं डावीकडे. आत फिरत असलेल्या गाडीचा हक्क पहिला. बाहेरच्याने थांबायचं, जागा मिळाली की शिरायचं. आपल्याकडे प्रत्यक्षात जो मोठा किंवा जो घुसला त्याचा हक्क पहिला, आणि एसटी आली की सगळेच थांबतात. हीच घुसण्याची पद्धत तिथे नेली, तर धडक बाजूच्या दारावर बसते आणि शंभर टक्के दोष घुसणाऱ्याचा ठरतो.

सिग्नलवरही असाच गोंधळ. आपल्याकडे 'फ्री लेफ्ट' ची सवय इतकी मुरली आहे की पाटी नसली तरी लोक लाल दिव्यावर डावीकडे वळतात. सौदीत लाल दिवा असताना उजवीकडे वळता येतं, पण आधी गाडी पूर्ण थांबवावी लागते आणि तशी मनाई करणारी पाटी नसावी लागते. दुबईत हे चालत नाही. तिथे उजवीकडे वळायला बहुतेक ठिकाणी वेगळा फाटा असतो, तो नसेल तर हिरव्याची वाट बघायची. एका देशातून दुसऱ्या देशात नोकरी बदललेला अनुभवी ड्रायव्हरसुद्धा इथे फसतो. आणि लाल दिवा तोडणं म्हणजे अमिरातीत १००० दिरहम दंड, १२ काळे पॉइंट आणि ३० दिवस गाडी जप्त. पॉइंट २४ झाले की लायसन्स निलंबित. गाडी कफीलची किंवा कंपनीची असेल, तर महिनाभर ती बंद राहिल्याचा हिशोब कुणाकडून वसूल होतो हे सांगायला नको.

दिव्यांची आणि हॉर्नची भाषा

लिहिलेले नियम पुस्तकात वाचून कळतात. न लिहिलेले कळत नाहीत, आणि माझ्या मते खरा फरक तिथे आहे.

हेडलाइट दोनदा चमकवणं घ्या. आपल्या घाटात समोरच्याने लाइट मारला की त्याचा अर्थ: "मी येतोय, तू थांब." ब्रिटनमध्ये रहिवासी गल्लीत समोरच्याने लाइट मारला, तर बहुतेक वेळा अर्थ नेमका उलटा: "मी थांबलोय, तू ये." लंडन-लेस्टरला गेलेला आपला माणूस पहिल्या दिवशी घाबरून थांबून राहतो, आणि समोरचाही थांबलेला. दोघंही सभ्य, दोघंही अडकलेले. आखातातल्या हायवेवर मागून लाइट चमकले की अर्थ एकच: "डावी लेन सोड." तिथे डावीकडची शेवटची लेन ओव्हरटेकसाठी. तुम्ही १२० च्या मर्यादेत १२० नेच चाललेले असाल, तरी मागून येणारी लँड क्रूझर थांबत नाही. तो वेगमर्यादा तोडतोय हे खरं, पण त्याला अडवून ठेवणं हाही दंडाचा गुन्हा आहे. वाद घालू नये, इंडिकेटर देऊन उजवीकडे व्हावं. आपल्याकडे एक्स्प्रेसवेवर उजव्या लेनमध्ये ४० च्या वेगाने चाललेला ट्रक बघत मोठी झालेली मुलं डावीकडून, उजवीकडून, जिथून वाट मिळेल तिथून ओव्हरटेक करतात. ते डोक्यातून काढूनच विमानात बसावं.

हॉर्नचं आणखी वेगळं. आपल्या ट्रकांच्या मागे 'हॉर्न ओके प्लीज' असायचं. महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये ते लिहायला बंदी केली, तरी अजून दिसतंच. आपल्याकडे हॉर्न म्हणजे "मी आहे, बघ." बैलगाडी, सायकल, शाळेची मुलं, कुत्री, सगळ्यांना सांगायला तो लागतोच, याला मी नुसती बेशिस्त म्हणणार नाही. अमिरातीत शहरात विनाकारण हॉर्न म्हणजे समोरच्याला शिवी दिल्यासारखं. कायद्यानेही तो फक्त धोका टाळायला वापरायचा. ब्रिटनमध्ये तर दिवस दिवस हॉर्न ऐकू येत नाही. आपल्याकडून गेलेल्या माणसाचा अंगठा पहिला महिना सारखा स्टिअरिंगच्या मध्यभागी जातो. हॅझार्ड लाइटबाबतही सांगून ठेवतो. आपल्याकडे चारही इंडिकेटर लावून चौकात "मी सरळ जातोय" असं सांगायची विचित्र रीत पडली आहे, बोगद्यात आणि पावसातही तेच. हिवाळ्यात अबुधाबी-दुबई रस्त्यावर पहाटे दाट धुकं पडतं, तेव्हा तिथले पोलिस दरवर्षी बजावतात की चालत्या गाडीचे हॅझार्ड लावू नका. कारण सरळ आहे: चारही दिवे लुकलुकत असताना तुम्ही लेन बदलताय का उभे आहात हे मागच्याला कळत नाही.

दक्षिण आफ्रिकेत, केपटाऊनमध्ये आपल्या कोकणी मुस्लिमांची जुनी वस्ती आहे. तिथे डावीकडूनच गाडी चालते म्हणून पाहुण्याला सोपं वाटतं. पण सिग्नलला ते 'रोबोट' म्हणतात. "पुढच्या रोबोटला डावीकडे वळा" असं ऐकून नवा माणूस यंत्रमानव शोधत बसतो. सिग्नल नसलेल्या चौकात चारही बाजूंना 'स्टॉप' ची पाटी असते, आणि जो आधी येऊन थांबला तो आधी निघतो. पोलिस नाही, सिग्नल नाही, तरी रांग पाळली जाते. पुण्यात किंवा भिवंडीत हे करून बघायची माझी हिंमत नाही.

अपघात झाला तर

आता ज्या कारणासाठी हा लेख लिहायला घेतला ते. आपल्याकडे किरकोळ टक्कर झाली की रस्त्यातच भांडण, मग दोन मोठी माणसं मध्ये पडून तोडपाणी, पाचशे-हजार देऊन मोकळे. ही पद्धत आखातात नाही. दुबईत गाडीला साधा पोचा आला तरी पोलिसांचा अहवाल लागतो. त्याशिवाय कोणतंही गॅरेज दुरुस्तीला हात लावत नाही. सौदीत विम्याच्या अपघातांसाठी 'नज्म' नावाची यंत्रणा येते, फोटो काढते आणि कुणाचा किती टक्के दोष हे ठरवते. पंचवीस, पन्नास, पंचाहत्तर, शंभर. त्या टक्क्यांवर पुढचा सगळा पैसा ठरतो. म्हणून घाबरून गाडी घेऊन निघून जाणं ही सगळ्यात मोठी घोडचूक. कुणी जखमी असेल तर ती चूक राहत नाही, मोठा गुन्हा होतो.

आणि कुणाचा जीव गेला तर दियत. अनवधानाने झालेल्या मृत्यूसाठी वारसांना द्यायची ही भरपाई. सूरह निसाच्या ९२ व्या आयतीत तिचा उल्लेख आहे, वारस ती माफही करू शकतात, आणि त्याबरोबर कफ्फाराही सांगितला आहे. ज्याला गुलाम मुक्त करणं शक्य नाही त्याला सलग दोन महिन्यांचे रोजे. सौदीत अशा अपघाती मृत्यूची दियत तीन लाख रियाल ठरलेली आहे, अमिरातीत दोन लाख दिरहमपासून. महिन्याला दीड-दोन हजार रियाल कमावणाऱ्या ड्रायव्हरने ही रक्कम आयुष्यभरात तरी कुठून आणायची? गाडीचा विमा चालू असेल, लायसन्स वैध असेल आणि ड्रायव्हरने मोठा नियम मोडलेला नसेल, तर ही रक्कम विमा कंपनी देते. पण विमा संपलेला असेल, लायसन्स त्या प्रकारच्या वाहनाचं नसेल, किंवा लाल दिवा तोडलेला असेल, तर कंपनी हात झटकू शकते किंवा दिलेली रक्कम नंतर ड्रायव्हरकडे मागू शकते. प्रकरण मिटेपर्यंत देश सोडायला बंदी. इकडे घरी बहिणीचं लग्न, आई आजारी, आणि माणूस तिकडे अडकून पडलेला. असे प्रसंग आपल्या समाजाला नवे नाहीत, आणि मशिदीत जुम्याला त्यासाठी चंदा जमवलेला पुष्कळांनी पाहिला असेल.

म्हणून व्हिसावर काहीही लिहिलेलं असो, गाडीची किल्ली हातात घेण्याआधी तीन कागद आपल्या डोळ्यांनी बघा: गाडीची नोंदणी, विम्याची मुदत, आणि आपल्या लायसन्सवर त्या वाहनाचा प्रकार. "कफील म्हणाला चालव, बघू नंतर" हे कोर्टात कामाला येत नाही. आमिलच्या व्हिसावर नेऊन ड्रायव्हरचं काम करून घेणारे मालकही असतात. त्यांना नाही म्हणणं कठीण असतं हे मला कळतं. पण अपघातानंतर नाव ड्रायव्हरचंच लागतं.

आपलं भारतीय लायसन्स तिथे नोकरीसाठी थेट चालत नाही, हेही इथूनच समजून जावं. अमिरातीत भारतीय लायसन्सचं रूपांतर होत नाही. ट्रेनिंग घेऊन परीक्षा द्यावी लागते. जुन्या लायसन्सवाल्याला तासिका कमी लागतात, आणि दुबईत त्याला थेट रस्त्याच्या परीक्षेची एक संधी मिळू शकते. नापास होत होत लोकांचे काही हजार दिरहम जातात. सौदीतही ड्रायव्हिंग स्कूलमधून जावं लागतं, आपले लोक त्याला सरसकट 'दल्ला' म्हणतात. इथे एजंटला पैसे देऊन 'आठचा आकडा' न काढताच लायसन्स मिळवलेला मुलगा तिथे आरसा न बघता लेन बदलली म्हणून पहिल्या पाच मिनिटांत नापास होतो. ब्रिटनमध्ये मात्र भारतीय लायसन्सवर पहिले १२ महिने गाडी चालवता येते. फिरायला जाणाऱ्यांनी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढावा, तो एक वर्ष चालतो.

तिथले सगळेच आपल्यापेक्षा शहाणे आहेत असं मात्र नाही. एक दशक मागे जा, सौदीचे रस्ते जगातल्या जास्त धोकादायक रस्त्यांत मोजले जायचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या आकड्यांत तिथे दर लाख लोकांमागे २८ हून जास्त मृत्यू होते. रस्ते रुंद, पेट्रोल स्वस्त, पोरं रिकामी, आणि गाड्या आडव्या घसरवण्याचा शौक. २०१० पासून 'साहेर' चे कॅमेरे बसले, दंड वाढले, सीटबेल्टची सक्ती झाली, आणि पुढच्या काळात हे प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. माणसं तीच, रस्तेही बहुतेक तेच. २४ जून २०१८ पासून तिथल्या बायकाही गाडी चालवू लागल्या, त्यामुळे घरगुती ड्रायव्हरची मागणी पूर्वीसारखी राहिलेली नाही. व्हिसासाठी एजंटला पैसे मोजण्याआधी हेही ध्यानात घ्यावं.

आपल्याकडचा आकडा २०२२ चा: देशात १ लाख ६८ हजार ४९१ माणसं रस्त्यावर गेली. त्यातले सुमारे ४४ टक्के दुचाकीवरचे. ५० हजारांहून जास्त मृतांनी हेल्मेट घातलेलं नव्हतं. हायवेवर कार चालवताना आखातातल्या माणसाला मुख्य भीती वेगाची आणि उंटाची. उंटाचे पाय लांब, धड उंच, त्यामुळे धडकेत सगळं वजन थेट काचेवर येतं. आपल्याकडे भीती समोरून उलट्या बाजूने येणाऱ्या बाईकची, खड्ड्याची आणि दिवा नसलेल्या ट्रॉलीची. तिथला ड्रायव्हर दूरवर बघतो, इथला दहा फुटांवर. दोन्ही कौशल्यंच आहेत, पण एक दुसऱ्याच्या जागी वापरता येत नाही.

याचा ताजा पुरावा समृद्धी महामार्ग. ७०१ किलोमीटर, कारला १२० ची मर्यादा, दुचाकीला बंदी. म्हणजे आखाती पद्धतीचा रस्ता आपल्या विदर्भ-मराठवाड्यातून. घाटात हुशार असलेले आपले ड्रायव्हर इथे सरळ रस्त्यावर डुलकी लागून आणि टायर फुटून अपघात करतात. टायरची गोष्ट आखातातल्या माणसाला विचारा. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात, समजा २३२१, म्हणजे २०२१ सालच्या २३ व्या आठवड्यात बनलेला टायर. नक्षी कितीही शिल्लक असू द्या, अमिरातीत पाच वर्षांवरचा टायर चालत नाही, कारण उन्हाने रबर आतून कडक होतं. आपल्या गावातली सात-आठ वर्षं जुन्या टायरची इको एका दिवसात नागपूरहून मुंबई गाठायला निघते, सोबत नऊ माणसं आणि टपावर सामान.

उमराहला जाणाऱ्या बुजुर्गांसाठी एक गोष्ट राहिली. ते गाडी चालवत नाहीत, रस्ता ओलांडतात. आपली सवय आधी उजवीकडे बघायची. मक्का-मदिनेत गाडी डावीकडून येते. हरमच्या जवळच्या गर्दीत सगळं सावकाश चालतं, पण हॉटेल लांब असेल आणि मधे मोठा रस्ता असेल, तर दादी-नानीला हे निघण्याआधी घरीच दोन-चारदा करून दाखवा: आधी डावीकडे, मग उजवीकडे, आणि बस थांबली की तिच्या कुठल्या दाराने उतरायचं तेही. बसचं दार तिथे उजव्या बाजूला असतं. लंडनमध्ये परक्या लोकांसाठी रस्त्यावरच 'उजवीकडे बघा' असं रंगवून ठेवलेलं असतं. सगळीकडे तशी सोय नसते. दुबईत मोकळ्या जागेतून रस्ता ओलांडला तर दंडही आहे, आणि ८० च्या वरच्या वेगमर्यादेच्या रस्त्यावर तसं करून अपघात झाला तर कैदही.

रमजानमध्ये इफ्तारच्या आधीची वीस मिनिटं तिथेही आणि इथेही सारखीच वाईट. घरी पोहोचायची घाई, पोट रिकामं, डोकं जड. अमिरातीत त्या वेळी सिग्नलवर स्वयंसेवक आणि पोलिस खजूर आणि पाण्याची पाकिटं वाटतात, म्हणजे माणसाने गाडीतच रोजा सोडावा आणि आरामात जावं. आपल्याकडे महाड, खेड किंवा मुंब्र्याच्या नाक्यावर तरुण मुलांनी हे सुरू करायला काही मोठा खर्च नाही.

आणि सुट्टीवर येणाऱ्यांनो, विमानतळावरून रात्रीच भाड्याची गाडी स्वतः चालवत गावी निघू नका. दोन वर्षं उजवीकडून चालवलेले हात, रात्रभराचा प्रवास, सामानाने भरलेली गाडी, आणि पुढे मुंबई-गोवा रस्ता. पहिले दोन-तीन दिवस भावाला चालवू द्या, तुम्ही बाजूला बसा. मग गावातल्या गावात, दिवसा, कुणाला तरी सोबत घेऊन सुरू करा. घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा आपल्याकडचा नियम तिथे सपाट रस्त्यावर राहून विसरायला होतो, तो चालवायच्या आधी आठवून ठेवा.